जग सोडलेल्यांची खतावणी: इजिप्तमधल्या प्राचीन मठांचे हिशेब कसे वाचायचे

इजिप्तच्या वाळवंटात जुने पपायरस सापडल्याची बातमी आली की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतात ते हरवलेले धर्मग्रंथ आणि संतांची पत्रे. असे ग्रंथ सापडतातही. पण मठांच्या जागी हाती लागणाऱ्या लिखाणाचा मोठा भाग निराळा असतो: गव्हाची पावती, द्राक्षमद्याच्या घड्यांबरोबर पाठवलेली चिठ्ठी, कर्जरोखा, भाडेकरार, कर भरल्याची नोंद, अमक्याला इतके तेल द्या असा दोन ओळींचा हुकूम. संसार सोडून वाळवंटात गेलेल्या माणसांना एवढा हिशेब कशाला लागत होता, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर याच चिठ्ठ्यांत आहे. मात्र त्या वाचायच्या कशा, हे आधी समजून घ्यावे लागते.

काळ, जागा आणि माणसे

हा काळ साधारण इ.स. चौथ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंतचा. सुरुवातीला इजिप्त रोमन साम्राज्याचा प्रांत होता, नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांच्या ताब्यात होता, आणि 639 ते 642 या काळात तो अरबांनी जिंकला. लोकांची बोली कॉप्टिक, म्हणजे ग्रीक लिपी आणि आणखी काही अक्षरे वापरून लिहिलेली जुन्या इजिप्शियन भाषेची शेवटची अवस्था. सरकारदरबारी ग्रीक चाले, आठव्या शतकात हळूहळू अरबी आली.

संन्याशांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकटे किंवा दोघे-तिघे मिळून कोठडीत, गुहेत, जुन्या थडग्यात राहणारे. आणि भिंतीच्या आत शेकडोंनी एकत्र राहणारे. दुसरी पद्धत पाखोमिओसने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात वरच्या इजिप्तमध्ये घालून दिली. त्याच्या मठांत स्वयंपाक, शेती, विणकाम, होड्या, खरेदी अशी कामे वाटून दिलेली असत आणि वर एक कारभारी असे. वर्षातून एकदा, मेसोरे महिन्यात म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये, सगळ्या मठांचे प्रमुख प्बोऊ इथल्या मुख्य मठात जमत आणि वर्षभराचा हिशेब तिथे मांडला जाई. म्हणजे हिशेब हा या जीवनपद्धतीच्या पायातच होता. मठ श्रीमंत झाल्यावर शिरलेली ती वाईट सवय नव्हे. एकाच ताटात जेवणाऱ्या शेकडो माणसांपैकी कुणालाही पगार नाही, खाजगी कोठार नाही, अशा ठिकाणी कुठली वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली हे लिहिले नाही, तर चार महिन्यांत भांडणे सुरू होतात.

पपायरसमधला पहिला संन्यासी गायीच्या भांडणात भेटतो

संन्यासी या अर्थाचा ग्रीक शब्द ज्यात सापडतो असा सर्वांत जुना ज्ञात पपायरस जून 324 मधला आहे. तो ना स्तोत्र आहे ना पत्र. फायूम भागातल्या कारानिस गावच्या इसिदोरोस नावाच्या शेतकऱ्याने सरकारी अधिकाऱ्याला दिलेला तो तक्रार अर्ज आहे. शेजाऱ्यांच्या गायीने त्याचे पीक खाल्ले. त्याने गाय धरली आणि तो ती गावात नेत होता. वाटेत मालकांनी त्याला गाठले, सोटा घालून खाली पाडले आणि गाय सोडवून नेली. अन्तोनिनोस हा चर्चचा सेवक आणि इसाक हा संन्यासी नेमके तिथे पोहोचले नसते, तर आपला जीवच गेला असता असे तो लिहितो.

एवढ्या एका कागदातून बरेच कळते. इसाक गावाच्या वाटेवर आहे. लोक त्याला नावाने ओळखतात, आणि सरकारी अर्जात साक्षीदार म्हणून त्याचे नाव वजनदार ठरेल असे शेतकऱ्याला वाटते. ‘संन्यासी’ ही ओळख त्या वर्षी इतकी रुळलेली आहे की ती समजावून सांगण्याची अर्जदाराला गरज वाटत नाही.

लिहायचे कशावर, आणि ते टिकले कसे

पपायरस ही पाणथळ जागेत वाढणारी उंच वनस्पती. तिच्या देठाच्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या काढून एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा असा रचतात आणि दाबून सुकवतात. देठातल्या चिकट रसानेच थर एकमेकांना धरून राहतात. असे ताव टोकाला टोक चिकटवून गुंडाळी करत आणि लागेल तेवढा तुकडा कापून घेत. लेखणी बोरूची, शाई काजळी आणि डिंकाची. काजळीची शाई फिकी पडत नाही, पण पाण्याने पुसता येते. म्हणून जुना मजकूर धुऊन त्याच तावावर पुन्हा लिहिलेला अनेकदा आढळतो.

पपायरस विकत घ्यावा लागे. खापरी फुकट मिळे. द्राक्षमद्याचा घडा फुटला की त्याचे तुकडे कोपऱ्यात जमा होत आणि पुढच्या घड्यांची नोंद त्यांच्यावरच होई. थेबेस भागात, म्हणजे आजच्या लक्सॉरसमोरच्या डोंगरात, चुनखडीचे पातळ कपचेही वापरलेले दिसतात. साधा नियम असा धरता येतो: दोन-चार दिवस किंवा फार तर हंगामभर लागणारी नोंद खापरीवर, आणि पुढे कज्जा झाला तर दाखवावा लागेल असा दस्त पपायरसवर. या नियमाला अपवाद आहेत, पण खापऱ्यांचा ढीग सापडला की तो रोजच्या व्यवहाराचा आहे असे समजून कामाला लागता येते.

टिकण्याचे कारण कोरडी हवा. ओल लागली की पपायरस कुजतो. म्हणूनच नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून अशी कागदपत्रे जवळजवळ मिळत नाहीत आणि मध्य व वरच्या इजिप्तमधून भरपूर मिळतात. याचा एक परिणाम कायम ध्यानात ठेवावा लागतो. संतचरित्रांत आणि वचनसंग्रहांत ज्यांचे गुणगान आहे ते नित्रिया आणि स्केतिसचे संन्यासी उत्तरेकडचे. कागदपत्रे मिळतात ती बाविट, वादी सर्गा, थेबेस, फायूम इथली. वचने एकीकडची आणि पावत्या दुसरीकडच्या, अशी ही विभागणी आहे. दोन्ही एकमेकांवर ठेवून चित्र काढताना म्हणूनच जपावे लागते.

एक चिठ्ठी जवळून

बाविट हे मध्य इजिप्तमधले गाव. तिथे आपा अपोल्लो यांचा मोठा मठ होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस स्थापलेला, सहाव्या ते आठव्या शतकात भरभराटीला आलेला. ‘आपा’ म्हणजे वडीलधाऱ्या साधूला लावायचा आदरार्थी शब्द. या मठातून निघालेले शेकडो छोटे हुकूम आज जगभरच्या संग्रहांत आहेत. त्यांचा साचा ठरलेला.

वर क्रूसाची खूण. मग ‘आमचे वडील आपल्या मुलाला लिहितात’ अशी सुरुवात. वडील म्हणजे मठाधिपती, मुलगा म्हणजे कोठार किंवा तळघर सांभाळणारा मठवासी. त्याचे नाव पुढे येते. नंतर थेट काम: इतके गहू, इतके मद्य किंवा इतके तेल, अमक्याला द्या. घेणारा कधी उंटवाला, कधी सुतार, कधी मठाचा पाहुणा. मग महिना, तारीख आणि करवर्ष. शेवटी लिहिणाऱ्याची किंवा मंजुरी देणाऱ्याची सही. पाच-सहा ओळी, तळहाताएवढा कागद.

आता यात काय नाही ते पाहू. वस्तू प्रत्यक्ष दिली गेली की नाही, हे या चिठ्ठीत नाही. तो फक्त हुकूम आहे. कोठारवाल्याने माल दिल्यावर चिठ्ठी स्वतःजवळ ठेवली असेल, कारण हिशेबाच्या दिवशी ‘तीस घडे कुठे गेले’ याचे उत्तर तोच देणार होता. म्हणजे आपल्या हाती आलेली चिठ्ठी ही बहुधा कोठारवाल्याची फाइल आहे, मठाधिपतीची नव्हे. वाचायला बसण्याआधी हा कागद कुणाच्या पेटीत पडून होता हे ठरवायला हवे. ते चुकले की येणे आणि देणे यांची उलटापालट होते. नव्याने काम करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

बाविटच्याच खापऱ्यांचा दुसरा गट मालवाहतुकीचा आहे. ‘अमुक ठिकाणच्या मालाची चौकशी करा’ अशा शब्दांनी त्यांची सुरुवात होते आणि पुढे उंटवाल्याचे नाव, घड्यांची किंवा पोत्यांची संख्या, तारीख. शेतावर माल भरताना ही खापरी उंटवाल्याच्या हाती दिली जाई आणि मठाच्या दारात मोजणी करून ताडून घेतली जाई. वाटेत दोन घडे फुटले किंवा ‘फुटले’, तर ते इथेच उघडकीला येई. वादी सर्गा इथल्या आपा थॉमस यांच्या मठातल्या खापऱ्यांतही मद्याच्या घड्यांच्या अशाच नोंदी सापडल्या.

ख्रिस्ती मठात इतके मद्य कशाला, असे विचारले जाते. उपासनेला थोडे लागे. पण खरा खप रोजच्या जेवणाचा, आजाऱ्यांचा, पाहुण्यांचा आणि मुख्य म्हणजे मजुरीचा होता. उंटवाले, विटा पाडणारे, शेतमजूर यांची मजुरी गहू, तेल आणि मद्य यांत चुकती होई.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

आकडे ग्रीक अक्षरांनी लिहीत. अल्फा म्हणजे 1, योटा म्हणजे 10, रो म्हणजे 100. त्यामुळे फाटक्या कागदावर एखादे अक्षर हे नावाचा शेवट आहे की रक्कम, असा घोळ होतो. कागदाच्या माथ्यावर ‘99’ दिसला तर तो घड्यांचा आकडा समजू नये. ‘आमेन’ या शब्दातल्या अक्षरांची बेरीज 99 होते, म्हणून तो मंगलाचरणासारखा लिहीत.

धान्याचे माप आर्ताबा. साधारण 39 लिटर, म्हणजे गहू असेल तर सुमारे 30 किलो. एका कष्टकरी माणसाला महिन्याला पुरेल इतका. पण आर्ताबा सगळीकडे सारखा नव्हता. म्हणूनच करारात कुठल्या मापाने मोजून द्यायचे तेही लिहीत. तो शब्द वाचकाने वगळला की बेरीज चुकते आणि दोष मात्र बिचाऱ्या लेखनिकाला दिला जातो. मद्याच्या घड्यांचे तर अनेक प्रकार होते आणि एकाच नावाचा घडा दोन गावांत लहानमोठा असे.

सोन्याचे नाणे सोलिडस, सुमारे साडेचार ग्रॅमचे. त्याचे 24 कॅरेट धरत. सहाव्या शतकात एका सोलिडसला साधारण 10 आर्ताबा गहू येई, हंगामाप्रमाणे कमीजास्त. कागदात बऱ्याचदा ‘1 सोलिडस, उणे 6 कॅरेट’ असे लिहिलेले आढळते. ही सूट नव्हे आणि कर्जाचा हप्ताही नव्हे. नाण्याचा भाव ठरवण्याची ती त्या भागातली रीत होती. एक सोलिडस म्हणजे पूर्ण 24 कॅरेट न धरता काही कॅरेट वजा धरत, आणि किती वजा हे गावागणिक बदले. म्हणून दोन मठांच्या रकमांची तुलना करण्याआधी दोन्हीकडचे ‘उणे’ पाहावेच लागतात.

साल कुठे आहे?

तारखेची अडचण मराठी वाचकाला पटकन कळेल. कुणी जुन्या वहीत फक्त ‘विश्वावसु संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी’ लिहून ठेवले आणि शक लिहिलाच नाही, तर ते 2025 चे की 1965 चे, हे त्या ओळीवरून सांगता येणार नाही. इजिप्तमध्ये हे चक्र 15 वर्षांचे होते. त्याला इंडिक्शन म्हणत आणि कराची वर्षे त्याने मोजत. कागदावर ‘7वे इंडिक्शन’ एवढेच असेल तर ते 528–29, 543–44, 558–59, किंवा त्याच्या मागचे-पुढचे कुठलेही पंधरावे वर्ष असू शकते. लिहिणाऱ्याला अडचण नव्हती, कारण ती चिठ्ठी पुढच्या हिशेबापर्यंतच कामाची होती. करारात मात्र 537 पासून सम्राटाचे राज्यवर्ष लिहावे लागे आणि तिथे काम सोपे होते. बाकीच्यांसाठी अक्षराचे वळण, नाणी, अधिकाऱ्यांची नावे आणि कराची पद्धत यांवरून काळ ठरवावा लागतो, आणि तो पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यातच ठरतो.

सर्वसंगपरित्याग केला, मग मालमत्ता कशी?

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे की ‘सर्व सोडले’ याचा अर्थ सगळीकडे एकच नव्हता.

इ.स. 400 मध्ये ऑक्सिऱ्हिंकस शहरात थेओदोरा आणि ताउरिस या दोन सख्ख्या बहिणींनी आपल्या घरातली तळमजल्याची एक खोली आणि तळघर भाड्याने दिले. करारात दोघींची ओळख ‘संसारत्याग केलेल्या संन्यासिनी’ अशी आहे. भाडेकरू योसे, यहूदाचा मुलगा, हा ज्यू. भाडे वर्षाला 1200 मिरियाड दिनार. मिरियाड म्हणजे दहा हजार, तेव्हा रक्कम झाली 1 कोटी 20 लाख. आकडा पाहून दचकू नये. चौथ्या शतकातल्या महागाईने तांब्याच्या पैशाची किंमत इतकी घसरली होती की खोलीचे भाडेही कोटींत लिहावे लागे. या बहिणी वडिलोपार्जित घरातच व्रतस्थ राहत होत्या आणि पोट भाड्यावर चाले. त्यात त्यांना, भाडेकरूला किंवा दस्त लिहिणाऱ्याला काही वावगे वाटल्याचे चिन्ह नाही.

फायूममधल्या लाब्ला इथले 512 आणि 513 चे दस्त आणखी पुढे जातात. युलोगिओस नावाचा संन्यासी आपली राहती कोठडी, जिला तिथे मठच म्हणत, रीतसर विकतो. तो स्वतः मेलितियन या फुटीर पंथातून मुख्य चर्चमध्ये आलेला. घेणारे अजून त्याच पंथातले. पंथाची भांडणे ग्रंथांत कितीही कडाक्याची असोत, खरेदीखतावर दोघांची नावे शेजारी-शेजारी आली.

एकत्र राहणाऱ्या मोठ्या मठांत नियम कडक होता. 535 मध्ये सम्राट जस्टिनियनने कायदाच केला की मठात प्रवेश करणाऱ्याची मालमत्ता मठाची होईल, मात्र बायकोमुलांचा हिस्सा आधी काढून. पण कायदा झाला म्हणून व्यवहार बदललाच असे होत नाही. त्यानंतरही मठवासी स्वतःच्या नावाने कर्ज देताना आणि घेताना कागदपत्रांत दिसतात.

आणि मठ स्वतः कुणाच्या नावावर? इथे थेबेसच्या डोंगरातल्या आपा फोइबाम्मोन मठाचे उदाहरण घ्यावे. त्याचे प्रमुख अब्राहम हे हेर्मोंथिसचे बिशपही होते. सातव्या शतकाच्या सुरुवातीचे त्यांचे मृत्युपत्र आज लंडनमध्ये आहे. त्यात ते संपूर्ण मठ आपला शिष्य व्हिक्टर याच्या नावे करतात. मृत्युपत्र ग्रीकमध्ये आहे आणि अब्राहमना ग्रीक येत नव्हते. म्हणून त्यात नोंद आहे की मजकूर त्यांना इजिप्शियनमध्ये समजावून सांगितला, आणि लिहिता येत नसल्याने त्यांच्या वतीने दुसऱ्याने सही केली. मठ शिष्याच्या नावे करण्याचे कारण लोभ नव्हे. मृत्युपत्र नसते तर रक्ताच्या नातेवाइकांना दावा सांगता आला असता. गुरूकडून शिष्याकडे कागदोपत्री वारसा देणे हाच मठ मठाकडे राखण्याचा भरवशाचा मार्ग होता, आणि पुढच्या प्रमुखांनीही तोच धरला.

मठ सावकारी करत होते का?

कर्जे देत होते, घेतही होते. नायकिया इथल्या 325 च्या धर्मसभेने धर्मसेवकांना व्याज घेण्याची मनाई केली होती. त्यामुळे काही रोख्यांत व्याजाचा उल्लेखच नसतो. पण एक व्यवहार वारंवार दिसतो: पैसे आज, माल सुगीला. शेतकरी पेरणीच्या दिवसांत सोने घेतो आणि हंगामात इतके आर्ताबा गहू किंवा इतके घडे मद्य देईन असे लिहून देतो. भाव आजच ठरतो, किंवा ठरला असे धरून कागदावर लिहिलाच जात नाही. सुगीत माल स्वस्त होतो हे दोघांनाही ठाऊक असते. त्या फरकात देणाऱ्याचा फायदा आहे. त्याच वेळी शेतकऱ्याला कर भरायला नगद सोने हवेच होते आणि ते देणारे गावात फार कमी. अशा दस्तांकडे पाहून मठांना शोषक ठरवणे किंवा दानशूर ठरवणे, दोन्ही घाईचे होईल. पाहायचे ते तारण काय आहे, जामीन कोण आहे, आणि माल वेळेत न आल्यास काय होईल म्हणून लिहिले आहे. अटी कडक की सैल, हे तिथेच कळते.

बाविटला याहून वेगळा एक करारही दिसतो. ‘अपार्खे’ नावाची मठाची वसुली होती. तिचा एकेक भाग एकेका मठवासीकडे सोपवत आणि तो ठरलेली रक्कम भरण्याची लेखी हमी देई. कमी जमले तर तूट त्याच्या माथी. म्हणजे मठाने आपल्याच बांधवांना वसुलीचा मक्ता दिला होता. प्रार्थनेला शेजारी उभे राहणारे दोन भाऊ हमीपत्रावर देणेकरी आणि घेणेकरी असत. मठात विश्वास नव्हता असा याचा अर्थ होत नाही. गाव लांब, पीक बेभरवशाचे आणि वर करवसुली अधिकारी उभा, अशा स्थितीत लेखी हमी सगळ्यांनाच सोयीची होती.

हाताच्या कामाचे उत्पन्न वेगळे. थेबेसला एका फॅरोकालीन अधिकाऱ्याच्या थडग्यात आठव्या शतकात फ्रांगे नावाचा संन्यासी राहत होता. त्याच्याकडून आणि त्याला गेलेल्या शेकडो खापऱ्या तिथे मिळाल्या. तो तागाच्या पट्ट्या विणे, पुस्तके बांधे, आणि हत्यार, सूत, चामडे, खायच्या वस्तू यांसाठी ओळखीच्यांना सतत चिठ्ठ्या पाठवी. मातीत खणलेले मागाचे खड्डे त्या डोंगरातल्या दुसऱ्या मठांत आजही दिसतात.

सर्वांत अवघड कागद: मुलांची दानपत्रे

आपा फोइबाम्मोनच्या त्याच मठासाठी आठव्या शतकात लिहिलेली दोन डझनांहून जास्त दानपत्रे आहेत, ज्यांत आईबाप आपला मुलगा मठाला देतात. मजकूर साधारण असा: मूल आजारी पडले, आम्ही संताला नवस बोललो, मूल वाचले, आता ते मठाचे. मुलगा आयुष्यभर मठाची सेवा करील; झाडलोट, पाणी, दिवे, वाटसरूंना भाकरी. पुढे कुणी नातेवाइकाने हक्क सांगितला तर दंड. साक्षीदारांच्या सह्या.

हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते, आणि व्हायला हवे. काही अभ्यासकांना यात गुलामगिरी दिसते, काहींना नवसाची रीत, काहींना कर आणि उपासमार यांनी गांजलेल्या घरांचा मार्ग. माझे मत असे की दस्ताची भाषा मालकीहक्काची आहे आणि ती सौम्य करून वाचू नये. मुलांना पूर्णवेळ संन्यासी करण्याचा हेतू या दस्तांत दिसत नाही. त्यांच्या श्रमावर मठाचा कायमचा हक्क नोंदवला जातो. विक्रीखताला लागणारी सगळी कलमे त्यात आहेत, फक्त किंमत नाही.

नव्या राजवटीत

जमिनीवरचा कर मठ आधीपासून भरत होते; अफ्रोदितो गावच्या 524–25 च्या जमीन नोंदवहीत कितीतरी मठ जमीनधारक म्हणून आहेत. अरब अमलाखाली डोईपट्टी आली. सुरुवातीला संन्यासी तिच्यातून सुटले होते, पण आठव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनाही ती लागू झाली. त्याबरोबर मठवासींची शिरगणती आली. मठांतल्या कागदांत या काळात व्यक्तीच्या नावाने दिलेल्या डोईपट्टीच्या पावत्या दिसू लागतात. आधी सरकार मठाकडे एक संस्था म्हणून पाही. आता प्रत्येक संन्यासी मोजला गेला. पैसा सोडलेल्या माणसाला सोने भरावे लागले की ते मठाने भरायचे, आणि मग मठाला जमवायचे. कर्जरोखे आणि मुलांची दानपत्रे वाचताना हा दाब बाजूला ठेवता येत नाही.

हे चित्र कितपत पुरे आहे?

पुरे नाही, आणि याची कारणे ठरावीक आहेत. एक हवामानाचे, ते वर आलेच. दुसरे असे की अनेक कागद जपून ठेवल्यामुळे नव्हे, टाकून दिल्यामुळे वाचले. 1945 मध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या प्रसिद्ध ग्रंथांच्या चामडी पुठ्ठ्यांत कडकपणासाठी रद्दी पपायरस भरला होता. त्यात 341 ते 348 मधले दिनांकित दस्त आहेत आणि प्रोतेरिया नावाच्या बाईचे साध्या कामाचे पत्रही. ती सान्सनोस आणि प्सातोस या दोन संन्याशांना लिहिते: जनावरांसाठी भुसा हवा आहे, इथे विकत मिळत नाही, तुमच्याकडे गाडीभर भुशाला काय पडते ते कळवा. गूढ ग्रंथांवर शेकडो पुस्तके निघाली. संन्याशांना भुशाचा भाव ठाऊक असतो असे धरून चालणाऱ्या या बाईमुळे मठ आणि गाव यांचे नाते अधिक नेमके कळते, असे मला वाटते.

तिसरे कारण बाजार. बाविटचे पपायरस एकोणिसाव्या-विसाव्या शतकात विक्रेत्यांनी तुकड्या-तुकड्यांनी विकले. एकाच कोठारातली चिठ्ठी लंडनला, तिची जोडीदार व्हिएन्नाला किंवा मिशिगनला. ‘आमचे वडील लिहितात’ या साच्यावरून आणि लेखनिकांच्या सह्यांवरून सारा क्लॅकसन या ब्रिटिश संशोधिकेने यातल्या कितीतरी चिठ्ठ्या पुन्हा एका मठाच्या म्हणून ओळखल्या. अडचण अशी की आपा अपोल्लो नावाचे मठ एकाहून अधिक होते, बालाइझाचाही त्यात आला. नुसत्या नावावर विसंबले की दोन मठांचे हिशेब एकत्र होतात.

मठ आणि हिशेब ही जोडी आपल्याकडेही होती, पण तिचे वेगळेच अंग उरले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली: 2000 महिना शेकडा 1 दराने, 1000 महिना शेकडा पाऊण दराने. वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब करून पाहा. 2000 वर शेकडा 1 म्हणजे महिना 20, वर्षाला 240, आणि 12 गुणिले 20 बरोबर 240. 2000 ची ठेव नेमकी चिवरांच्या खर्चाला पुरेल इतकीच बेतली होती. लेखात पुढे म्हटले आहे की हे दान निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले. ते फलक गेले. दर महिन्याला व्याज आले का, कुठल्या भिक्षूला कापड मिळाले, विणकरांनी कधी थकवले का, हे त्यांच्यावर आणि तसल्या इतर नोंदींवर असणार. कोकणाच्या आणि घाटाच्या पावसात लाकूड, ताडपत्र, कापड टिकले नाही. दगडावरचा संकल्प टिकला. बाविटला नेमके उलटे झाले. तिथे मोठ्या देणग्यांचे लेख थोडे आणि रोजच्या देवाणघेवाणीच्या चिठ्ठ्या हजारोंनी.

स्वतः पाहायचे असेल तर

पपायराय डॉट इन्फो हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे ग्रीक आणि कॉप्टिक कागदांचे मजकूर, काहींची भाषांतरे आणि छायाचित्रे आहेत. ट्रिस्मेगिस्तोस या दुसऱ्या संचात स्थळाच्या नावावरून शोधता येते. बाविट, नाक्लुन, वादी सर्गा अशी नावे घालून पाहावीत. छायाचित्र उघडल्यावर मजकुराकडे वळण्याआधी तीन गोष्टी पाहा. तंतू अक्षरांच्या ओळींच्या दिशेने जातात की त्यांना काटकोनात, यावरून पुढची बाजू की पाठ ते कळते; पाठीवर बऱ्याचदा निराळ्याच काळातला हिशेब असतो. कडा कापलेली आहे की फाटलेली, यावरून किती ओळी गेल्या त्याचा अंदाज येतो. आणि शेवटच्या ओळीतले अक्षर वरच्यापेक्षा वेगळे असेल, जाड, वाकडे, सावकाश काढलेले, तर वरचा मजकूर लेखनिकाचा आणि ती ओळ देणेकऱ्याची स्वतःची. लिहायची सवय नसलेल्या माणसाने जबाबदारी मान्य केल्याची ती सही असते. भाषांतर वाचायला तिथूनच सुरुवात केली, तर उरलेल्या ओळींत कोण कुणाला बांधला गेला आहे ते लवकर उलगडते.